वयाला साजेल असा वर्ण

नाटक-चित्रपटांच्या रंगभूषेत ज्या विद्या हाताला बसवून घ्याव्या लागतात, त्यांत तरुण चेहऱ्यावर वार्धक्य आणण्याची विद्या मला सर्वांत अधिक शिकवून गेली. पंचविशीतल्या नटीला साठीची आई करावयाची असेल, तर तिला कपाळाला आठ्या घालावयास, डोळे बारीक करावयास आणि मोठ्याने हसावयास सांगून, जेथे जेथे घडी पडते तेथे तेथे गडद रंगाची बारीक रेघ ओढावी, तिच्या लगत उजळ रंगाची दुसरी रेघ देऊन दोन्ही बोटाने एकमेकींत विरवाव्या, आणि शेवटी साऱ्या मुखावर कोरड्या पावडरीचा असा थर बसवावा की कातडीचे नैसर्गिक तेज पार मालवून जावे. एवढे केले की चेहरा तीस-पस्तीस वर्षे पुढे जातो. रेघा प्रेक्षकाला दिसतात, म्हणून वार्धक्य रेघांत आहे असे त्याला वाटते. परंतु ज्याने हे काम केले आहे त्याला ठाऊक असते की रेघा निम्मेच काम करतात आणि उरलेले निम्मे तो कोरडा, सपाट, एकरंगी थर करतो.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, मुलामुलींच्या लग्नांत, साठीशांतीच्या किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभांत प्रौढ स्त्रियांना ज्या रीतीने सजविले जाते, ती रीत पुष्कळदा हुबेहूब हीच असते. डाग दिसू नयेत म्हणून जाड फाउंडेशन, ते घामाने वाहू नये म्हणून त्यावर दाबून बसविलेली पावडर, आणि फोटोत उजळ दिसावे म्हणून दोन्हींची छटा मूळ वर्णाहून फिकी. परिणामी, जी युक्ती आम्ही तरुणीला वृद्ध करण्यासाठी वापरतो तीच युक्ती पन्नाशी-साठीच्या स्त्रीवर सौंदर्यसाधना म्हणून केली जाते, आणि समारंभाच्या छायाचित्रांत आपण आहोत त्याहून थकलेल्या दिसतो याचा दोष ती बिचारी आपल्या वयाला देते. वयाचा यात काही अपराध नाही. प्रौढ त्वचेसाठी फाउंडेशन निवडताना सुरकुत्यांचा विचार शेवटी करावा, आधी वर्णाचा आणि तेजाचा करावा, हे माझे सांगणे आहे, आणि त्यामागील कारणे सविस्तर मांडणे हे मी माझे कर्तव्य समजते.

मुंबईच्या ज्या अंधेरीत राहून मी हा व्यवसाय केला, ती या विद्येची जुनी पेठ होय. आंबोलीत १९५८ साली शशधर मुखर्जींचे फिल्मालय उभे राहिले, पूर्वेकडे नटराज आणि कमालिस्तान हे स्टुडिओ होते, पुढे वीरा देसाई रस्त्याच्या आणि लोखंडवालाच्या आसमंतात मालिका काढणाऱ्यांनी कचेऱ्या थाटल्या, आणि रंगांच्या पेट्या घेऊन भल्या पहाटे लोकलमधून उतरणाऱ्या मेकअपदादांचा राबता अंधेरी स्थानकाच्या अंगवळणी पडला. मात्र चित्रपटाच्या क्षेत्रात स्त्रीने केशभूषा तेवढी करावी, मुखाला रंग लावावयाचा तो पुरुषाने, असा व्यावसायिकांच्या संघटनेचा शिरस्ता दशकानुदशके चालत आला होता. रंगभूषाकार चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांनी १० नोव्हेंबर २०१४ रोजी हा मज्जाव बेकायदा ठरविला, तेव्हा कोठे आम्हांला ही मुभा मिळाली. तोपर्यंत मी सेटवर हेअरड्रेसर आणि सेटबाहेर लग्नसमारंभांतील रंगभूषाकार, अशा दोन भूमिकांत वावरले. पहिल्या भूमिकेने माझे मोठे हित केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. कारण ज्येष्ठ नट्यांच्या खुर्चीमागे केस विंचरीत उभे राहिल्याने, समोरच्या आरशात त्यांच्या मुखावर चाललेले जाणत्या हातांचे काम मला तासन् तास पाहता आले. ते हात किती थोडा रंग घेतात आणि त्यासाठी किती वेळ देतात, हे माझ्या मनावर त्या आरशाने कोरले.

या रंगांची कुळकथा ऐकण्यासारखी आहे, कारण फाउंडेशनच्या निवडीचे मर्म तिच्यात दडलेले आहे. संगीत नाटकांच्या काळी आमच्या रंगपटात सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ एवढ्या सामग्रीवर राजे-राण्या घडत. पन्नाशी उलटल्यावरही बालगंधर्व नायिकेच्या भूमिकेत उभे राहत, ते या सामग्रीच्या, मंद पिवळ्या दिव्यांच्या आणि रंगमंच व प्रेक्षक यांमधील अंतराच्या भरवशावर. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने ते अंतर नाहीसे केले. १९३८ च्या सुमारास मॅक्स फॅक्टरचे, ओल्या स्पंजाने लावावयाचे पॅनकेक बाजारात आले, दहाएक वर्षांत पॅनस्टिक आली, आणि ही दोन्ही नावे आमच्या धंद्यात इतकी रुळली की कोणत्याही कंपनीचा घट्ट बेस त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तथापि आजच्या अत्यंत महागड्या फाउंडेशनच्या खोक्यावरील घटकांची यादी कोणी भिंगातून वाचली, तर तिच्या शेवटी लोहाची तीन ऑक्साइडे, म्हणजे पिवळे, तांबडे आणि काळे, व त्यांच्या जोडीला पांढरे टिटॅनियम डायऑक्साइड, एवढीच रंगद्रव्ये सामान्यतः आढळतील. पिवडी आणि गेरू यांचा रंगही लोहाच्या ऑक्साइडांचाच. बाटलीतील शेकडो छटा या चार द्रव्यांच्या कमीअधिक प्रमाणातून जन्मतात. पैकी पांढऱ्याचे प्रमाण मूळ वर्णाला पेलणार नाही इतके झाले, की गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर राखेची कळा येते. इर्ल्याच्या बाजारात मनगटावर रंगाचा ठिपका लावून पाहणाऱ्या भगिनींना हे एवढे माहीत असले, तरी त्यांचा निम्मा खर्च वाचेल.

आता त्वचेचा विचार करू. तरुणपणी वरच्या थरातील पेशी सुमारे २८ दिवसांत नव्या होतात. वयपरत्वे हा काळ लांबत जातो आणि कातडी निस्तेज दिसू लागते. रजोनिवृत्तीनंतर स्निग्धता घटते, आणि त्वचेला आधार देणाऱ्या कोलॅजेनचा सुमारे ३० टक्के अंश पहिल्या पाच वर्षांत क्षीण होतो असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. हा निसर्गक्रम सर्वत्र सारखा असला, तरी त्याचे दृश्य रूप सर्वत्र सारखे नसते. गोऱ्या लोकांच्या देशांत वय प्रथम सुरकुत्यांनी प्रकट होते, म्हणून तेथील सौंदर्यशास्त्र सुरकुत्यांभोवती फिरते. आपल्या वर्णातील रंगद्रव्य उन्हापासून कातडीचे पुष्कळ रक्षण करीत असल्याने आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात, आणि त्यांच्या आधी वर्णाची समता ढळते. गालांवर वांग उमटतो, डोळ्यांखाली काळिमा साचतो, ओठांभोवतीचा आणि कपाळाच्या कडांचा वर्ण गालांहून गडद होतो. याखेरीज आपल्या बायकांच्या चेहऱ्यावर त्यांच्या आयुष्यक्रमाच्या खास खुणा असतात, ज्यांची दखल परदेशी पुस्तके घेत नाहीत: वर्षानुवर्षे चिकटवलेल्या टिकलीच्या गोंदाने भुवयांमध्ये पडलेला पांढुरका डाग, केसांच्या कलपाने कपाळाच्या वरच्या कडेला आलेले काळेपण, आणि चष्म्याच्या दांडीने नाकाच्या दोन्ही अंगांना उमटविलेले ठसे. माझ्यासमोर बसलेल्या स्त्रीच्या मुखावर रंग लावण्यापूर्वी मी या खुणा एकेक करून पाहते, कारण काम करावयाचे ते या जागांवर; उरलेल्या मुखाला फारशा रंगाची गरज नसते.

छटा निवडताना माझा पहिला दंडक असा की मनगटावर पाहू नये. मनगटाचा वर्ण मुखाशी क्वचितच जुळतो. जबड्याच्या खालच्या कडेवर, जेथे गाल संपून मान सुरू होते, तेथे तीन लगतच्या छटांच्या उभ्या रेषा ओढाव्या, आणि दुकानाच्या दिव्यांखाली निर्णय न करता आरसा घेऊन बाहेरच्या उजेडात यावे. जी रेषा मानेत विरून दिसेनाशी होते ती आपली. तीही लगेच विकत घेऊ नये. कातडीच्या तेलाशी मिसळून बरीच फाउंडेशने थोड्या वेळाने गडद होतात, म्हणून अर्धा तास बाजारात इतर कामे करावी आणि मग पुन्हा पाहावे. छटेइतकीच तिची झाक महत्त्वाची असते. महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रियांचा वर्ण पिवळसर किंवा किंचित हिरवट झाकेचा असतो, आणि त्यावर गुलाबी झाकेचा रंग, कितीही किमती असला, तरी मुखवट्यासारखा अलग पडतो. मुखाचा मध्यभाग उजळ आणि कडा गडद असतील, तर दोहोंच्या मधली छटा घेऊन ती मध्यभागी पातळ लावावी आणि कडांकडे नेत नेत संपवावी. कडांचा स्वाभाविक गडदपणा चेहऱ्याला घाट देतो. तो पुसला की चेहरा रुंद आणि सपाट दिसतो.

पोत निवडताना माझा कौल पातळ, द्रवरूप, किंचित स्निग्ध फाउंडेशनला आहे. संपूर्ण कोरडा पोत सारवलेल्या जमिनीसारखा वाळला की भेगाळतो. उलट ज्यात चमकीचे मोठे कण आहेत, तो प्रत्येक छिद्र आणि प्रत्येक घडी उजेडात आणतो. दोहोंमधली जी मंद, रेशमी कळा, ती प्रौढ मुखाला शोभते. फाउंडेशनपूर्वी मॉइश्चरायझर लावून ते मुरेपर्यंत दहा मिनिटे थांबावे. डोळ्यांखालच्या निळसर काळिम्यावर प्रथम नारिंगी झाकेचा करेक्टर नखाएवढा घ्यावा, कारण नारिंगी निळ्याला मारतो आणि मग वर फाउंडेशनचा पापुद्रा पुरतो. थेट उजळ कन्सीलर फासला तर तो भाग राखाडी होतो. वांगाच्या डागांवर रंग थोपटून बसवावा, घासू नये, आणि आठ आण्यांएवढ्या डागासाठी संपूर्ण गालाला शिक्षा देऊ नये. टिकलीच्या पांढुरक्या डागावर मात्र थोड्या गडद छटेचाच उपयोग होतो. वांग असलेल्या स्त्रियांना डॉक्टर रंगीत सनस्क्रीनचा सल्ला देतात, त्यालाही आधार आहे. त्यातील लोहाची ऑक्साइडे दृश्य प्रकाश अडवितात, आणि सावळ्या त्वचेवरील वांग अतिनील किरणांप्रमाणे या प्रकाशानेही बळावतो. रोजच्या वापरासाठी अनेकींना तेवढेच पुरेसे असते.

मुंबईच्या हवेत पावडरीशिवाय भागत नाही, असा एक समज आहे. आषाढातल्या दमट दुपारी किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात हॉलमध्ये उभ्या राहणाऱ्या वरमाईची अडचण मी जाणते. परंतु घाम येतो तो प्रामुख्याने कपाळ, नाक आणि वरच्या ओठावर. तेवढ्याच जागी मोकळी, बारीक पावडर पफने टेकवावी, डोळ्यांखाली आणि गालांच्या हसऱ्या घड्यांत ती जाऊ देऊ नये, आणि घाम आला म्हणजे टचअपच्या नावाखाली नवा थर न चढविता कागदी रुमाल नुसता दाबून ओल टिपून घ्यावी. थरावर थर चढला की सायंकाळपर्यंत चेहऱ्याची हालचाल त्याखाली अडकते, आणि हसणारी बाई हसताना दिसत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र मला तळमळून बोलावेसे वाटते. खुर्चीत बसताच, “ताई, थोडं उजळच करा हं, फोटो आहेत,” असे म्हणणाऱ्या मावश्या-काकूंची विनवणी मी आयुष्यभर ऐकत आले. तिच्यामागे त्यांच्या लग्नाआधीच्या पाहण्यांचे जुने शल्य असते, हे मला कळते, आणि म्हणून मी त्यांच्यावर कधी रागावत नाही. फेअरनेसच्या एका प्रसिद्ध क्रीमने १९७५ पासून मिरविलेला ‘फेअर’ हा शब्द २०२० साली नावातून काढून टाकला, परंतु नावातून निघालेली गोष्ट मनातून निघण्यास पिढी जावी लागते. अशा वेळी मी त्यांच्या एका गालावर त्यांनी मागितलेली छटा आणि दुसऱ्या गालावर मानेशी जुळणारी छटा लावते, आणि त्यांना खिडकीशी नेऊन आरसा हाती देते. निवाडा त्यांनीच करावयाचा असतो, आणि तो बहुधा एकच होतो; कारण उजेडात फिकी छटा आजाऱ्यासारखी दिसते आणि जुळणारी छटा निरोगी दिसते, हे कोणत्याही शहाण्या स्त्रीला सांगावे लागत नाही.

म्हणून वाचक भगिनींना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, तुमच्या मुलीच्या किंवा नातवाच्या लग्नासाठी रंगभूषाकाराशी ठराव करताना आधी एकदा साध्या दिवशी, दिवसाउजेडी छटा जुळवून घ्या, ती मानेशी जुळली पाहिजे असे निक्षून सांगा, रंग कमी आणि वेळ अधिक मागा, आणि तुम्ही आहात त्याहून गोऱ्या करण्याची हमी कोणी देऊ लागला तर त्याला बिदागी देण्याचे नाकारा. साठ वर्षांच्या स्त्रीने साठ वर्षांची, निरोगी आणि प्रसन्न दिसावे, याहून मोठे काम कोणतेही फाउंडेशन करीत नाही आणि त्याने करूही नये.