पॅसेंजरने पाहिलेली इटली

प्रवासाला निघावे ते श्रीमंताने, नाही तर बैराग्याने. एकाला खर्चाची फिकीर नसते, दुसऱ्याला सोयीची. आम्हां प्राध्यापक मंडळींची जात मात्र मधली! तेवीस वर्षे वर्गात 'युरोपातील प्रबोधनयुग' शिकवले, फ्लॉरेन्सचे नाव फळ्यावर असंख्य वेळा लिहिले. पण ते गाव डोळ्यांनी पाहण्याचा योग आला 2022 च्या दिवाळीच्या सुटीत. भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेतून विमानाची तिकिटे वजा जाता जे उरले, त्यात आम्हां दोघांना चौदा दिवस निभावायचे होते. सौ.ने हिशेबाची वही घातली आणि पहिल्याच पानावर लिहिले, 'जलद गाडी नाही. टेबलावर बसून कॉफी नाही.'

या दोन्ही कलमांमागे अनुभवी गृहिणीचे शास्त्र होते. इटलीत कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून प्यायली तर महाग. गाड्यांचेही तसेच. जलद गाडीत जागा राखून ठेवलेली असते आणि दिवस जवळ येईल तसे भाडे बहुधा वाढत जाते. 'रेजोनाले' नावाची गाडी म्हणजे मात्र आपल्या पॅसेंजरची सख्खी बहीण! भाडे अंतरावर ठरलेले. महिनाभर आधी काढा, नाही तर आयत्या वेळी. जागा मिळेल तिथे बसावे. कागदी तिकिटावर फलाटावरच्या यंत्रातून तारीख-वेळ उमटवून मगच गाडीत चढायचे, एवढे पथ्य पाळले की झाले. रोम ते फ्लॉरेन्स हे अंतर जलद गाडी दीड तासात कापते. आमच्या गाडीला जवळजवळ चार तास लागले. पण त्या चार तासांत ऑर्व्हिएतोचा खडक दिसला. त्या खडकावर 1290 साली बांधायला घेतलेले कॅथीड्रल आहे, आणि स्टेशनापासून वर जायला दोराने ओढली जाणारी गाडी आहे.

रोमबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी एवढेच सांगतो, की तिथे रस्तोरस्ती नळ अखंड वाहत असतात आणि पाणी फुकट मिळते. पँथिऑनही तेव्हा विनामूल्य पाहता आले. 2023 च्या जुलैत तिथे पाच युरोचे तिकीट सुरू झाले. त्रेचाळीस मीटर व्यासाचा तो काँक्रीटचा घुमट, त्यात लोखंडाची एक सळई नाही, आणि मधोमध आकाशाला उघडा झरोका. सौ. बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, "अहो, पाऊस आला की हो काय करत असतील?" उत्तर पायाखालीच होते. फरशीत पाणी जायला बारीक भोके ठेवली आहेत!

फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्कीच्या घुमटाच्या 463 पायऱ्या सौ.च्या गुडघ्यांना मानवणाऱ्या नव्हत्या. 1420 ते 1436 या काळात उभारलेले ते नवल आम्ही खालूनच पाहिले. स्टेशनासमोरच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमध्ये मात्र मासाच्चोचे 'त्रिमूर्ती' हे भित्तिचित्र अगदी समोर उभे राहून पाहिले. सपाट भिंतीला खोली देणाऱ्या त्या रेषा मी दरवर्षी पट्टीने फळ्यावर आखीत असे!

दुसऱ्या दिवशी आर्नो नदीकाठच्या कास्चिने उद्यानाच्या पार टोकापर्यंत चालत गेलो. तिथे एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. ते कोल्हापूरचे राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी, ऐन विशीत, ते फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांचे दहन झाले, आणि 1874 मध्ये हे स्मारक उभे राहिले. जवळच्या पुलालाही लोक 'इंडियन'चा पूल म्हणतात. सौ.ने चप्पल काढून नमस्कार केला.

पुढे साडेअठरा किलोमीटरच्या बोगद्यातून आपेनाइन पर्वत ओलांडून बोलोन्याला उतरलो. 2 ऑगस्ट 1980 रोजी या स्टेशनाच्या प्रतीक्षालयात बाँबस्फोट होऊन 85 माणसे मेली. बाहेरचे घड्याळ आज मुद्दाम दहा पंचविसावरच ठेवले आहे. सुटीला निघालेली, आमच्यासारखीच तिकिटे हातात धरलेली माणसे होती ती!

त्या रात्री वही मिटताना सौ. म्हणाली, "अहो, व्हेनिसचा एक दिवस मला द्याल?"

तिचे आजोबा मराठा पलटणीत होते. 1945 साली इटलीहून ते परत आले ते 'बांध' आणि 'चिखल' एवढे दोनच शब्द घेऊन. म्हातारपणी तहान लागली की नातीला हाक मारीत, "आक्वा आण गं!" घरात सर्वांना ती थट्टा वाटे. तो शब्द पाण्यालाच आहे, हे तिला रोमच्या नळावर उमगले होते.

बोलोन्या-राव्हेन्ना गाडी लुगो सोडल्यावर सेनिओ नदी ओलांडते. जर्मनांची फळी त्या हिवाळ्यात याच नदीच्या बांधांवर अडून होती. 9 एप्रिल 1945 ला हल्ला झाला. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव या शिपायाने जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून नेले, मशीनगनची ठाणी एकट्याने बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आम्ही बान्याकावाल्लोला उतरून चालत बांधावर गेलो. उंच, गवताळ बांध, आणि मधे आपल्या गावच्या ओढ्याएवढे पाणी.

"एवढीशीच नदी?" सौ. म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोललो नाही. 'दोस्त राष्ट्रांनी उत्तर इटली जिंकली', असे एक वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकात असते. त्या एका वाक्याची रुंदी किती, ते मी त्या बांधावर उभा राहून पाहत होतो. पुढे मे 2023 च्या महापुरात हीच एवढीशी नदी बांध फोडून गावांत शिरल्याची बातमी आली, तेव्हा सौ.ने ते कात्रण आजोबांच्या फोटोमागे ठेवले.

राव्हेन्नातील दान्तेची समाधी पाहिली, गाल्ला प्लाचिदियाच्या छोट्या वास्तूतले निळे आकाश पाहिले, आणि 1846 च्या पुलावरून पाण्यात शिरणाऱ्या गाडीने व्हेनिस गाठले. व्हेनिसला एकच दिवस मिळाला. तो पुरला नाही. तिथे महिनाही पुरणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, पुढेमागे तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलात तर जलद गाडीने जरूर जा, वेळ वाचतो. पण एखादा टप्पा तरी पॅसेंजरने करा. इतिहासाची मोठी गावे जलद गाडीच्या वाटेवर असतात, आणि आपली माणसे बहुधा मधल्या स्टेशनांवर उतरलेली असतात.