मासे नसलेली तळी

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला कधी गेलात, तर गोल्डन गेट पार्कमध्ये एक गंमत जरूर बघा. झाडीत तीन मोठे हौद, काठावर गळ फेकणारी माणसं, आणि पाण्यात मासा एकही नाही! १९३० च्या दशकात बांधलेले हे हौद आहेत फक्त गळफेकीच्या सरावासाठी. अनेकदा जगज्जेते ठरलेले स्टीव्ह राजेफ लहानपणी इथंच शिकले.

इथला गळ म्हणजे पिसं-दोऱ्यांची खोटी माशी. सरावाला तर नुसता लोकरीचा तुकडा! त्याला वजन कुठलं? मग तो लांब जातो कसा? वजन असतं जाड दोरीला. काठी मागे न्यायची, दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे न्यायची.

पण दोरी पाठीमागे, आणि सारा खेळ क्षणाचा. चूक दिसणार कशी? इथं मोबाईल मदतीला येतो. सेकंदाला २४० चित्रं टिपायची आणि ३० च्या वेगानं दाखवायची. एक सेकंद आठ सेकंद चालतो! काठीचं टोक सरळ रेषेत गेलं, तर हवेत दोरीचा वळसा अरुंद होतो आणि दोरी दूर जाते. टोक कमानीसारखं फिरलं, की वळसा रुंद, जोर वाया. आणि मागे थांबलाच नाहीत, तर चाबकासारखा फटकारा!

तुम्हीही आईबाबांच्या मोबाईलवर भोवरा फेकताना चित्रण करून बघा. हात नेमका कुठं चुकतो, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.