शेपटीचा हिशेब

हैदराबादेत अफझलगंजला माझ्या बहिणीचे सासर. मुसी नदीच्या काठावर एकीकडे उस्मानिया इस्पितळ, एकीकडे जुने सरकारी ग्रंथालय आणि पाठीमागे बेगमबाजारची गर्दी. गोव्यातल्या गावातून तिथे गेलो की पहिला दिवस नुसते डोके गरगरते. दुसऱ्या दिवशी इराण्याचा चहा पोटात गेला की जरा बरे वाटते.

गेल्या खेपेला भाचा मोबाइलवर घोड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. मला वाटले, घोडे पळवायचे असतील. पण तो कॅलेंडर उघडून बसला होता. त्याच्याकडे चार-पाच घोडे, त्यांचा तबेला हैदराबादेत, आणि एका घोडीला त्याला मुंबईच्या शर्यतीत उतरवायचे होते. किती दिवस आधी न्यायची, परत आणायची की तिथेच ठेवायची, खर्च किती, याचा हिशेब एका चिठ्ठीवर चालला होता. मग त्याने नकाशावर बोट ठेवले. "दोन दिवस, मामा. पोचली." घोडीच्या दमाची हिरवी पट्टी थोडी उतरली, एवढाच तो प्रवास!

खरे तर हा पोरखेळ नव्हे. मुसीपलीकडे, अगदी जवळच, मलकपेठचे रेसकोर्स आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी 1886 साली मौला अलीच्या शर्यती तिथे आणल्या. आपल्याकडे शर्यतीचे हंगाम गावे बदलत फिरतात. पावसाळ्यात पुणे आणि हैदराबाद, हिवाळ्यात मुंबईचे महालक्ष्मी, उन्हाळ्यात बंगळूर आणि उटी. डेक्कन डर्बी पुष्कळ वर्षे 2 ऑक्टोबरला मलकपेठेत होत आली, तर इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला महालक्ष्मीला. ज्याला दोन्हीकडे घोडा पळवायचा, त्याला माझ्या भाच्यासारखेच कॅलेंडर घेऊन बसावे लागते. त्यात घोड्याची कागदपत्रे, लशी, रक्ताच्या तपासण्या. 2008 मध्ये जम्मूकडच्या कटऱ्यातून घोड्यांचा फ्लू पसरला, तेव्हा रेसकोर्सेसचे सगळे बेत कोलमडले होते.

भाऊजींच्या ओळखीचे एक म्हातारे सईस आहेत. आपण ज्याला मोतद्दार म्हणतो तो हा माणूस. जन्म घोड्यांबरोबर गेला, आता संध्याकाळी चहाला येतात. भाच्याला मुद्दाम त्यांच्यापुढे बसवले. त्याने "दोन दिवस, पोचली" सांगितल्यावर चाचा हसले. म्हणाले, "गाडी चलती तब तक घोड़ा बी चलतेच रैता, बेटा."

मला आधी कळले नाही. मग त्यांनी खुर्चीवरून उठून दाखवले. वळण आले की घोडा एका अंगाला भार टाकतो, ब्रेक लागला की पाय रोवतो, खड्डा आला की सावरतो. साडेचारशे-पाचशे किलोचे ते धूड रात्रभर असे तोल सांभाळत उभे असते. आपण बसमध्ये झोपा काढतो! शिवाय परक्या गावचे पाणी पुष्कळ घोडे तोंडाला लावत नाहीत. म्हणून चाचा निघण्याच्या चार दिवस आधीपासून पाण्यात थोडा गूळ घालत, म्हणजे पुढच्या गावीही चव तीच. आणि पोचल्यावर आधी शर्यत नव्हे, ताप बघायचा.

हे तापाचे मला नवीन होते. घोडा मान खाली घालतो तेव्हा श्वासनळीत साचलेली धूळ, कफ बाहेर पडतो. गाडीत मान वर बांधलेली असली की ती घाण आत राहते, छातीत उतरते, आणि घोडा न्यूमोनियाने आजारी पडतो. इंग्रजीत त्याला 'शिपिंग फीव्हर' असेच नाव आहे. उपाय अगदी साधा. दर चार-पाच तासांनी थांबायचे, मान मोकळी सोडायची, पाणी दाखवायचे. भाच्याच्या खेळात थांबा नव्हता.

कायद्यात मात्र प्रवास आहे. 1978 च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांप्रमाणे एका गाडीत चार ते सहा घोडे, आणि वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर नाही. हा आकडा ऐकून भाचा चिठ्ठीवर पुन्हा गणित मांडू लागला. हैदराबाद ते मुंबई सातशे किलोमीटर, म्हणजे चाके फिरतानाच वीस तास.

आम्हा गोंयकारांना या धंद्याची नवलाई नसावी. होर्मुझचे घोडे आमच्या बंदरात उतरून घाट चढत, आणि त्यांच्यावरच्या जकातीने पोर्तुगीजांची तिजोरी भरत असे. विजयनगरात राहिलेल्या नूनिश नावाच्या पोर्तुगिजाने 1535 च्या सुमारास लिहून ठेवले आहे, की राजा साळुव नरसिंह घोडा जिवंत येवो वा मेलेला, किंमत मोजी. समुद्रात मेला तर व्यापाऱ्याने नुसती शेपूट आणून दाखवायची! ही पोर्तुगीज गोव्यात येण्यापूर्वीची गोष्ट. तिथे निदान मेलेल्याची गणती होती.

कारण 2025 च्या एप्रिलअखेरीस आणि मेच्या आरंभी याच हैदराबादेहून 57 घोडे रस्त्याने जबलपूरजवळ नेले गेले. पावणेआठशे किलोमीटर, नागपूरच्या बाजूचे ऊन. मेच्या मध्यापर्यंत त्यांतले आठ मेले, पुढे आणखी. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. शर्यतींसाठी ठेवलेले हे घोडे, असे बातम्यांत आले. मी चाचांना विचारले. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जीतने जाते ना साब, तो सब पूछते. वापस भेजते, तब कोई नै पूछता."

भाच्याची घोडी मुंबईत सातवी आली. खेळात 'विका' असे एक बटण आहे. ते दाबले की घोडी यादीतून जाते. कुठे, ते दिसत नाही. गाडीभाडेही लागत नाही.

परवा फोनवर विचारले, विकलीस का रे? म्हणाला, "नाही मामा. चाऱ्याचे पैसे जातात दर महिन्याला, पण असू दे."