न विचारलेला प्रश्न

सोलापुरात अडतीचे दुकान असलेल्या एका गृहस्थास वयाच्या ४२व्या वर्षी पत्नीने आपले एक मूत्रपिंड दिले. चैत्रात शस्त्रक्रिया झाली. आषाढापर्यंत क्रिएटिनिन स्थिरावले आणि तो पुन्हा गादीवर बसू लागला. समाजात तिचे कौतुक झाले. घरात मात्र दोघांच्या खोल्या वेगळ्या झाल्या होत्या. जंतुसंसर्ग नको म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा बिछाना माडीवर घातला होता. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपली, तरी तो तेथून हलला नाही.

चातुर्मासापूर्वी त्याने डॉक्टरांना निःसंकोच विचारले, ‘‘रात्री नऊची गोळी आहे, मग चौविहार कसा पाळावा?’’ टॅक्रोलिमसच्या दोन मात्रांत बारा तासांचे अंतर हवे, म्हणून डॉक्टरांनी सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा या वेळा ठरवून दिल्या. पाणी मात्र सोडायचे नाही, असे बजावले. तेव्हा त्याने चौविहाराऐवजी तिविहाराचे पच्चक्खाण घेतले. दुसरा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तेथेच राहिला.

डायलिसिसच्या दीड वर्षात त्याची इच्छाच मावळली होती. आता ती परतली होती, पण शरीर साथ देत नव्हते. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजलेला, हात थरथरणारे. नवे मूत्रपिंड ओटीपोटात उजव्या बाजूस, त्वचेखाली हाताला लागेल असे. त्याला धक्का बसला तर? आणि या सर्वांहून मोठा संकोच ऋणाचा. जिने देहाचा अंश दिला, तिच्याकडे आणखी काही मागावे कसे?

तिचा हिशेब वेगळा होता. आपल्या पोटावरचा व्रण पाहून त्याचे मन उडाले, असे तिने ठरवून टाकले होते. कोणाला सांगणार? लोक म्हणाले असते, जीव वाचला, आता आणखी काय हवे?

संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमणाहून परतल्यावर तो तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, ‘‘मिच्छामि दुक्कडम्.’’

ती म्हणाली, ‘‘कशाबद्दल, तेही सांगा.’’

त्या रात्री दोघे पुष्कळ वेळ बोलत बसले. पुढच्या तपासणीस दुसरा प्रश्न तिनेच विचारला.

डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. मूत्रपिंड निकामी झाले की पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, प्रोलॅक्टिन वाढते, रक्त कमी होते. स्त्रियांची पाळी अनियमित होते वा थांबते. प्रत्यारोपणानंतर यांतले बरेचसे काही महिन्यांत सुधारते, सगळ्यांचे पूर्ण सुधारतेच असे नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्याही आड येतात. त्यांनी त्याची एक गोळी बदलली, संप्रेरकांची तपासणी लिहून दिली आणि बजावले, की औषधांच्या दुकानातून परस्पर कोणतीही गोळी आणू नये. नायट्रेट घेणाऱ्या हृदयरुग्णाने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. शिवाय टॅक्रोलिमसशीही त्याचा मेळ डॉक्टरांनीच पाहायचा असतो. जखम भरून आली आहे, तेव्हा पतिपत्नीच्या सहवासाने मूत्रपिंडास इजा होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

बाहेर एक तरुण विवाहिता बसली होती. तिला भावाने मूत्रपिंड दिले होते. तिच्यासारख्या स्त्रियांविषयीही डॉक्टर बोलले. पाळी परतण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. मायकोफेनोलेट हे औषध गर्भास घातक असते, म्हणून गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे ते बदलून घ्यावे लागते. बहुधा वर्षभर तरी थांबण्याचा सल्ला देतात आणि तोवर संततिनियमन आवश्यक असते. पण मातृत्वाचे दार बंद होत नाही. अमेरिकेतील ईडिथ हेल्म यांना १९५६ साली जुळ्या बहिणीने मूत्रपिंड दिले आणि १९५८ साली त्या आई झाल्या.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, ‘‘चौविहाराचे विचारताना लाज वाटली नाही, याचीच वाटली.’’

ती म्हणाली, ‘‘श्रावकाच्या व्रतांत स्वदारसंतोष आहे. ज्याला व्रतात स्थान आहे, त्याचे विचारायला लाज कसली?’’

त्या दिवशी सायंकाळी त्याने माडीवरचा बिछाना स्वतःच गुंडाळून खाली आणला. सासूबाई ओसरीवर माळ जपत होत्या. त्यांनी पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. माळ पूर्ण झाल्यावर त्या उठल्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या खालच्या खोलीत नेऊन ठेवला. तांब्याशेजारी त्यांनी दोन फुलपात्री ठेवली.