ऑईल थंड राहतं तेव्हा

ऑईल-कूल्ड मोटरसायकलला तापमानाचा सेन्सर बसवायचा म्हटलं की डोळ्यांपुढे मे महिना आणि चढण येते. जोयडा तालुक्यात ते साहजिकच आहे. कद्र्याहून अणशीकडे येणारा घाट समुद्रसपाटीच्या जवळून निघतो आणि वळणं घेत सह्याद्रीच्या माथ्यावर पोचतो. मागे माणूस, टाकीवर पोतं, गाडी दुसऱ्या गिअरात. इंजिनाला पूर्ण जोर आणि वेग मात्र वीस-पंचवीसचा, म्हणजे कूलरच्या जाळीतून वारा जवळजवळ नाहीच. ऑईल तापणारच. तरीही माझं म्हणणं असं, की या तालुक्यात सेन्सर उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात जास्त उपयोगी पडतो.

याचं कारण कूलरच्या रचनेत आहे. पल्सर 220 काय किंवा हिमालयन 411 काय, अशा बऱ्याच गाड्यांत कूलरच्या वाटेवर थर्मोस्टॅट नसतो. ऑईल गार असो वा गरम, ते कूलरमधून फिरतंच. जुलैत डिग्गी किंवा कुंभारवाड्याच्या बाजूला धो धो पाऊस, जाळीवर सतत पाणी आणि प्रवास चार-पाच किलोमीटरचा. ऑईल कोमट झालं न झालं तोच गाडी बंद होते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरते आणि गार ऑईलमध्ये तिचं पाणी होतं. ऑईल ऐंशी-शंभर अंशांवर काही काळ राहिलं तर हे पाणी पुन्हा वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जातं, नाहीतर आतच साठतं. ऑईल भरायचं झाकण उघडून आतून बोट फिरवा: बोटाला दुधाळ, सायीसारखा थर लागला तर समजायचं, ऑईल पुरेसं तापतच नाही. याच ऑईलवर क्लच आणि गिअरही चालतात. शिवाय 10डब्ल्यू-40 ऑईल 40 अंशांना असतं त्यापेक्षा 100 अंशांना सुमारे सातपट पातळ होतं, म्हणून गार इंजिन लगेच पिळणंही बरं नव्हे.

म्हणूनच स्पार्क प्लगखाली बसणारी सेन्सरची कडी मला पुरेशी वाटत नाही. ती हेडचं तापमान सांगते, आणि हेड दोन मिनिटांत तापतं. ऑईल त्याच्या बरंच मागे असतं. ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर लावणं सर्वांत सोपं, पण तो इंजिनाच्या पोटाखाली येतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर एक दगड लागला की सगळं ऑईल रस्त्यावर. माझी पसंती कूलरकडे जाणाऱ्या होज पाईपच्या तोंडाशी, सेन्सरसाठी आटे असलेल्या बँजो बोल्टला. तिथे ऑईल थंड होण्याआधीचा आकडा मिळतो. एकाच वायरीचा सेन्सर असेल तर त्याचं अर्थिंग इंजिनाच्या अंगातून होतं, तेव्हा आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तांब्याचं नवं वायसर पुरतं.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इंजिनाच्या तापमानाचा सेन्सर आधीच असतो, मग त्याच्याच वायरीला मीटर का जोडू नये, असं कुणी विचारेल. जोडू नये. हे सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारे थर्मिस्टर. 25 अंशांना दहा हजार ओहम असलेला एक नेहमीचा थर्मिस्टर शंभर अंशांना सातशेच्या आसपास येतो. त्याच वायरीवर दुसरं मीटर समांतर जोडलं की एकूण रोध घटतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) इंजिन आहे त्यापेक्षा गरम वाटतं, ते पेट्रोल कमी देतं आणि पावसाळी सकाळी गाडी धड सुरू होत नाही. जुनी राजदूत सेन्सरविना चाललीच ना, हा आक्षेपही ऐकू येतो. पण ती टू-स्ट्रोक. तिच्यात पेट्रोलबरोबर ऑईल जळून जायचं, तेच ते महिनोन् महिने फिरत नसे. प्रत्येक नवा सांधा ही गळतीची नवी जागा, हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे.

आकडा हाती आला की पावसात कूलरची अर्धी जाळी झाकायची की नाही, हे अंदाजावर राहत नाही. सत्तरच्या खालीच काटा रेंगाळत असेल तर झाकावी, आणि घाट चढण्याआधी आठवणीने उघडावी. सेन्सर बसवल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर तो सांधा कोरड्या फडक्याने पुसावा, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवावं आणि पुन्हा बोट लावून बघावं.