गाडीतला गॅस आणि तिसरे अणुव्रत



आमचे घर पेणला, दुकान रोह्याला. वडखळ-नागोठण्यावरून रोजची ये-जा. गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची. इंजिन ठणठणीत आहे, पण पेट्रोलचा महिन्याचा आकडा वाढतच चालला होता. नवी गाडी म्हणजे हप्तेही आले आणि परिग्रहही वाढला. म्हणून आहे त्याच गाडीला एलपीजी किट बसवायचे ठरले.

तेव्हा ओळखीचा एक मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, मान्यतेचे किट महाग पडेल. मी जुने बसवून देतो. घरात दोन सिलिंडर असतातच, त्यातला एक डिकीत ठेवा. पुष्कळ जण चालवतात." खर्च खरोखरच निम्म्याहून कमी होता. यांनी माझ्याकडे पाहिले, कारण गॅसचे पुस्तक माझ्या नावावर आहे.

मी नाही म्हटले. त्याची कारणे इथे लिहिते, कारण हा प्रश्न तुमच्याही घरी येऊ शकतो.

घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर आपल्याला मिळतो तो स्वयंपाकासाठी. तो गाडीत वापरायला कायद्याने बंदी आहे. पुरवठ्याचा नियमन आदेश २००० सालचा आणि वाहनातल्या वापराचा २००१ सालचा. प्रतिक्रमणात आपण तिसऱ्या व्रताचे पाच अतिचार आलोवतो, त्यांत 'विरुद्धराज्यातिक्रम' येतो. राज्याचा नियम मोडून फायदा घेणे, हा तो अतिचार. ज्या कामासाठी वस्तू दिली त्याहून वेगळ्या कामाला ती लपवून वापरली, तर ते अदत्तादानच झाले. सिलिंडरचे पैसे मोजले म्हणून ते सुटत नाही.

दुसरे कारण जयणेचे. शेगडीला सिलिंडरच्या वरच्या भागातली वाफ येते. गाडीला मात्र द्रवरूप गॅस लागतो. तो रिड्यूसरमध्ये इंजिनच्या गरम पाण्याने तापून वायू होतो आणि मग इंजिनात जातो. म्हणून घरचा सिलिंडर गाडीत आडवा किंवा उलटा ठेवतात. तो त्यासाठी बनवलेलाच नाही. गाडीची टाकी वेगळी असते. ती पक्की बसवलेली असते, ८० टक्के भरली की झडप बंद होते, नळी तुटली तर गॅसचा लोंढा अडतो आणि दाब फार वाढला तर तो सोडायचीही सोय असते. एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर उडून जात नाही, खाली साचतो. आमच्या गाडीत डिकीला लागून मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी बसतात. ओट्याखाली दिवा नेताना आपण दहा वेळा विचार करतो. मग इथे का नको?

आम्ही रीतसर मार्ग धरला. तुमच्याकडे निघाले तर एवढे पाहा. किट तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी मान्यता असलेलेच हवे आणि अधिकृत केंद्रातच बसवावे. टाकीचे व किटचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. मग आरटीओत अर्ज करून आरसी बुकात इंधनाचा बदल नोंदवून घ्यावा. आपल्या एमएच-०६ गाड्यांचे कार्यालय पेणलाच आहे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र लागते. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी अडचण येते. टाकीची तपासणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. वास आला तर गाडी थांबवून सगळ्यांना उतरवावे, टाकीची झडप बंद करावी, काडी-लायटर लांब ठेवावे.

हिशेबही नीट मांडावा. गॅसवर लिटरमागे अंतर पेट्रोलपेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी पडते. गाडी सुरू पेट्रोलवर होते आणि गरम झाली की गॅसवर जाते, म्हणून थोडे पेट्रोल लागतेच. डिकीतली जागा जाते किंवा स्टेपनीची. ऑटो एलपीजीचा पंप तुमच्या रोजच्या वाटेवर नसेल, तर बचत हेलपाट्यातच संपते. जे रोज लांबचा प्रवास करतात त्यांनाच किटचा खर्च भरून निघतो. आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्या गाडीला याची गरज नाही.

एक गोष्ट सासूबाईंनी सांगितली, ती मला फार पटली. धूर कमी झाला म्हणून गाडी अहिंसक होत नाही. पेट्रोल जळो की गॅस, तेउकायाची विराधना आहेच, चाकाखालच्या जीवांची आहेच. गृहस्थाला आरंभ पूर्ण टळत नाही, तो मर्यादेत ठेवता येतो. इंधन स्वस्त झाले की फेऱ्या वाढतात, आणि दिशापरिमाण व्रत तर जाण्या-येण्याच्या क्षेत्राला मर्यादा घालायला सांगते. म्हणून आम्ही ठरवले की दुकानाच्या फेऱ्या होत्या तेवढ्याच ठेवायच्या आणि रविवारी रोह्याला जायचे झाले तर रेल्वेने. वाचतील त्या पैशातला एक भाग जीवदयेत जाईल.

किटचा खर्च भरून यायला वेळ लागेल. तोवर लाल सिलिंडर स्वयंपाकघरातच राहील.