तेलाची बाटली आणि हौदाचं झाकण

शिरूरहून दौंडला जायचं म्हणजे आम्हाला काही मोठा प्रवास नव्हे. एस.टी.नं न्हावऱ्यावरून चौफुल्याला यायचं नि तिथून पुढची गाडी धरायची. पण दिवाळीच्या सुमारास हा रस्ता एकदा खिडकीत बसून बघा. घोडनदीकाठचं शिरूर मागे पडलं की उसाचे फड दिसू लागतात, आणि पारगावाशी भीमा ओलांडली की ते आणखी दाट होतात. एके काळी पावसाकडे डोळे लावून बसणारा हा मुलूख! कालव्यांनी पाणी आणलं, पाण्यामागून लक्ष्मी आली. आणि न बोलावता डासही आले.

माझी नणंद दौंडला असते. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला गेले, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर पिशवीत सिट्रोनेला तेलाची एक बाटलीही होती. "वन्स, आता त्या कॉइलच्या धुराची कटकट नको. हे बघा, झाडाचं तेल, अगदी निर्मळ!" मी मोठ्या ऐटीत सांगितलं. खोबरेल तेलात चार थेंब घालून सगळ्यांच्या हातापायांना लावलं. अंगणात गप्पा रंगल्या, एक डास फिरकला नाही. निजायच्या वेळी वन्स मच्छरदाणी काढू लागल्या, तर मीच म्हटलं, "राहू द्या हो, तेल लावलंय की!"

पंधरवड्यानं त्यांचा फोन आला. सात वर्षांच्या भाच्याला हुडहुडी भरून ताप आला होता. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग दरदरून घाम. दुसरा दिवस बरा गेला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. औषधानं पोर बरं झालं, देवाची कृपा. तो डास नेमका त्याच रात्री चावला असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. वन्सही एका शब्दानं बोलल्या नाहीत. पण ती बाटली मी नेली होती, हे माझ्या मनातून काही जाईना. म्हणून नीट माहिती करून घेतली, तीच तुम्हाला सांगते.

गवती चहा, सिट्रोनेला, निर्गुडी, नीलगिरी, तुळस यांच्या पानांत सुगंधी तेल असतं. पानांतून वाफ सोडून ती थंड केली की ते पाण्यापासून वेगळं होतं. डासाला माणूस वासावरून सापडतो, आणि हे तेल त्या वासात गोंधळ करतं. पण जो गुण तोच दोष. वास दरवळतो म्हणजे तेल उडून जात असतं. २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डेंग्यूच्या जातीच्या डासांवर सिट्रोनेलाचे तयार लेप वीस मिनिटंही टिकले नाहीत. मलेरियाचा अ‍ॅनाफिलीस तर रात्री, आपण गाढ झोपेत असताना चावतो. संध्याकाळचं तेल त्याला कुठवर अडवणार? मोरीपाशी गवती चहा लावला की डास पळतात हा आपला समजही तसाच. पान चुरडल्याशिवाय त्यातलं तेल बाहेर पडायचं कसं?

मग तेल टाकून द्यायचं का? मुळीच नाही. तुळशीपुढे दिवा लावून घटकाभर बाहेर बसायचं असेल तर जरूर लावा. मात्र चमचाभर खोबरेल तेलात दोन-तीनच थेंब, तेही आधी मनगटावर लावून बघा. निव्वळ तेलानं कातडी भाजते. तान्ह्या बाळाला लावू नका, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. नीलगिरीचं तेल पोटात गेलं तर जिवावर बेततं.

खरी मेख पाण्यात आहे. या वर्षी पुन्हा दौंडला गेले, तेव्हा वन्सनी आणि मी परसातल्या हौदाचं फुटकं झाकण बाजूला केलं. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन उजेडात धरलं. बारीक अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या! अ‍ॅनाफिलीसची हीच खूण. गटारातल्या दुसऱ्या डासांच्या अळ्या डोकं खाली करून लोंबतात. आपण गटाराला नावं ठेवतो, पण मलेरियाचा डास वाढतो तो स्वच्छ पाण्यात: हौद, टाकी, विहीर, कालवा, पाऊस सरल्यावर नदीपात्रात राहिलेली डबकी.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून हौद, पिंप, रांजण रिकामे करून, घासून, कोरडे करावेत. रिकामा होत नसेल तो हौद झाकावा. वापरायच्या पाण्याच्या मोठ्या हौदात किंवा विहिरीत गप्पी मासे सोडावेत, आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात.

१९५३ साली देशात मलेरियाविरुद्ध मोहीम सुरू झाली. १९६५च्या सुमारास रुग्ण लाखभरावर आले, नि आता गेलाच म्हणताना १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले! फवारणी करून भिंतीवर तारीख लिहून जाणारे कर्मचारी तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असतील. आज हा आजार पुष्कळ आटोक्यात आहे, पण गाफील राहिलं की तो परततो. थंडी वाजून ताप आला तर काढ्यावर दिवस काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि दिलेल्या गोळ्या शेवटपर्यंत घ्या.

निघताना वन्सनी हौदाचं नवं झाकण दाखवलं. म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या भाऊबीजेला तेल आणा हो, छान वास येतो. मच्छरदाणी मात्र मी लावणार!"